चेहऱ्याकडून शब्दाकडे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षात बाहेरून मोठे वक्ते न बोलावता समाजातीलच मंडळींना बोलते करावे, असा निर्णय विश्वस्त मंडळाने घेतला आणि त्यातील एक पुष्प माझ्यासारख्या कापड व्यापाऱ्याच्या वाट्याला आले. मंत्रीजींचा निरोप आला तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. मी प्रताप कॉलेजचा बी.कॉम., चाळीस वर्षे गादीवर बसलेला माणूस, तेव्हा जीएसटी किंवा देणगीवरील करसवलत अशा एखाद्या उपयुक्त विषयावर मी बोलेन, असे त्यांना वाटले असावे. मी विषय कळविला तो 'चित्रपटातील अभिनेत्री गीतलेखनाकडे वळते तेव्हा' असा. एका विश्वस्तांनी दुकानात येऊन विचारले, "शेठजी, आपल्या सभागृहात हा विषय शोभेल का?" मी म्हणालो, आधी ऐका, मग ठरवा. आज ते पहिल्याच रांगेत बसले आहेत, त्याबद्दल त्यांचे आभार.

विषय मला सुचला नाही, माझ्यावर येऊन पडला. आमचे कुटुंब एकत्र आहे. धाकट्या भावाची मुलगी पुण्यात शिकत असताना एकांकिकांतून कामे करू लागली. घरात आधी कुरकुर झाली. पुढे तिला एका मराठी मालिकेत छोटी भूमिका मिळाली, अकरा भागांची. त्या अकरा दिवसांत आमच्या गल्लीने जे कौतुक केले, त्याने कुरकुर थांबली. दुकानात गिऱ्हाईक येऊन आधी "तुमची पोरगी टीव्हीवर दिसते" असे म्हणे आणि मग साडीचा भाव विचारी. घर राजी झाले आणि नेमकी त्याच दिवाळीत ती म्हणाली, "मोठे पप्पा, मला यापुढे अभिनय करायचा नाही. मला गाणी लिहायची आहेत."

माझ्या भावाला हे अजिबात रुचले नाही. त्याचा युक्तिवाद साधा होता. अभिनय निदान दिसतो, गाणे लिहिणारा कुठे दिसतो? तो मला म्हणाला, "दादा, तुम्हीच तिला समजवा. तुमचे ती ऐकते." मी होकार दिला. पण कोणताही माल पाहिल्याशिवाय त्याचा भाव करू नये, एवढे वडिलांनी शिकविले आहे. म्हणून दोन महिने मी या विषयाची माहिती गोळा केली. आज जे मांडतो ती त्या दोन महिन्यांची खतावणी आहे.

पहिला प्रश्न मी पुतणीलाच विचारला : असे कोणी आधी केले आहे का? तिने तत्काळ एक नाव सांगितले, स्पृहा जोशी. समोर बसलेल्या भगिनींना हे नाव सांगावे लागणार नाही. २०१२ साली झी मराठीवर सुरू झालेल्या 'उंच माझा झोका' या मालिकेत त्यांनी रमाबाई रानडे यांची भूमिका केली. लहानपणीची रमा तेजश्री वालावलकर हिने साकारली होती, मोठ्या रमाबाई म्हणजे स्पृहा जोशी. आमच्या घरी त्या वेळी रात्रीचे जेवण त्या मालिकेच्या आधी आटोपले जाई. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या पुरुषाने पत्नीला अक्षर शिकवायचे ठरविले आणि घरातील बायकांनीच तिला बोल लावले, हा प्रसंग पाहताना माझ्या मातोश्री पदराने डोळे पुशीत. त्या का पुशीत, हे मला त्या वेळी समजले नाही. त्याकडे मी पुढे येणार आहे.

स्पृहा जोशी यांचा जन्म १९८९ सालचा, मुंबईचा. शाळा दादरची बालमोहन विद्यामंदिर, पुढे रुईया महाविद्यालय. 'मायबाप' या २००४ च्या चित्रपटात त्या प्रथम दिसल्या, नंतर 'अग्निहोत्र' ही मालिका, २०११ चा 'मोरया' हा चित्रपट, 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' मधील कुहू, रंगभूमीवर उमेश कामत यांच्यासोबत 'डोन्ट वरी बी हॅप्पी' हे नाटक. म्हणजे चेहरा म्हणून जे मिळवायचे ते सर्व त्यांना तरुण वयातच मिळाले. आणि त्याच काळात त्या कविताही लिहीत होत्या. 'लोपामुद्रा' हा त्यांचा कवितासंग्रह आहे. लोपामुद्रा ही ऋग्वेदात जिच्या नावावर ऋचा आहेत अशी स्त्री. एका अभिनेत्रीने आपल्या पुस्तकाला हे नाव द्यावे, यात मला तरी एक मूक दावा दिसतो.

मग आला २०१५ सालचा 'डबल सीट' हा चित्रपट. समीर विद्वांस यांचे दिग्दर्शन, अंकुश चौधरी आणि मुक्ता बर्वे ही जोडी. मुंबईतील मध्यमवर्गीय, नवे लग्न झालेले जोडपे, भरलेले घर, दोघांना एकमेकांशी मोकळे बोलायलाही जागा नाही, आणि त्यातून स्वतःच्या घराचे स्वप्न. या चित्रपटातील 'किती सांगायचंय मला' हे द्वंद्वगीत स्पृहा जोशी यांनी लिहिले. संगीत हृषीकेश, सौरभ आणि जसराज या तिघांचे, स्वर जसराज जोशी आणि आनंदी जोशी यांचे. त्या वर्षी लग्नसराईत आमच्या दुकानासमोरून जाणाऱ्या प्रत्येक वरातीत नसले, तरी प्रत्येक दुसऱ्या तरुणाच्या मोबाइलवर ते गाणे होते.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. ज्या अभिनेत्रीचा चेहरा महाराष्ट्राला पाठ होता, तिचे शब्द या चित्रपटात दुसऱ्या अभिनेत्रीच्या कथेला मिळाले. नायिका मुक्ता बर्वे, आवाज आनंदी जोशींचा, आणि मन घातले तिसऱ्याच बाईने. लोकांनी गाणे उचलले, ते गुणगुणले, आणि ते कोणी लिहिले हे दहापैकी नऊ जणांनी विचारलेही नाही. मी ही चाचणी स्वतः घेतली. दुकानातील पाच नोकर आणि तीन गिऱ्हाइके, सर्वांना गाणे ठाऊक होते, गीतकार एकालाही सांगता आला नाही. त्यातील एक मुलगी तर 'उंच माझा झोका' ची निस्सीम चाहती होती! माझ्या भावाचा युक्तिवाद खरा ठरत होता.

आपल्या लहानपणी असे नव्हते. जळगाव आकाशवाणी लावली काय किंवा विविध भारती लावली काय, निवेदक गाण्याआधी तीन नावे सांगत : गीत, संगीत, स्वर. त्यामुळेच ग. दि. माडगूळकर, पी. सावळाराम, जगदीश खेबुडकर, शांता शेळके ही नावे आमच्यासारख्या वाणिज्य शाखेच्या मुलांनाही तोंडपाठ झाली. आज मोबाइलवर गाणे लागते तेव्हा गायकाचे नाव समोर येते, गीतकाराचे शोधावे लागते.

माडगूळकरांचे नाव आले म्हणून सांगतो, अभिनयाकडून गीताकडे जाण्याची वाट नवी नाही. गदिमा कोल्हापूरला आले ते पडद्यावर काम मिळावे म्हणून. १९३८ च्या 'ब्रह्मचारी' चित्रपटात त्यांची छोटी भूमिका आहे. १९४२ च्या 'पहिला पाळणा' पासून ते गीतकार झाले, आणि १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून छप्पन्न गीतांचे 'गीतरामायण' झाले. तो छोटा नट पुढे कोणाला आठवला? परंतु गदिमा पुरुष होते. पडद्यावरील चेहरा सोडताना त्यांना 'आता दिसणार नाहीस' असे कोणी म्हटले नसेल. स्त्रीच्या बाबतीत दिसणे हीच तिची कमाई मानली जाते आणि ती असताना कागद हाती घेतला तर लोकांना तो वेडेपणा वाटतो.

मीनाकुमारींचे उदाहरण घ्या. हिंदी पडद्यावरील एवढी थोर अभिनेत्री 'नाझ' या नावाने उर्दूत कविता करीत असे. १९७१ साली खय्याम यांच्या संगीतात, स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या रचनांची ध्वनिमुद्रिका त्यांनी काढली. ३१ मार्च १९७२ रोजी, चाळिशीही गाठण्याआधी त्या गेल्या. त्यांच्या कविता गुलजार यांनी पुस्तकरूपाने लोकांसमोर आणल्या. जिवंतपणी चेहऱ्याचे एवढे कौतुक झाले आणि शब्दांची पुरती दखल मरणोत्तर. लखनौच्या माया गोविंद रंगमंच आणि कविसंमेलने या मार्गाने आल्या आणि हिंदी चित्रपटगीतांत स्थिरावल्या, २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची गाणी लोकांना येतात, नाव येत नाही. आपल्या शांताबाई शेळके अभिनेत्री नव्हत्या, प्राध्यापिका होत्या, १९५० च्या 'राम राम पाव्हणं' पासून चित्रपटगीते लिहू लागल्या, पुढे १९९६ मध्ये आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. त्यांनीही काही गाणी 'डॉ. वसंत अवसरे' या पुरुषी नावाने लिहिली. कारणे काही असोत, ते नाव वाचून कोणाला वाटणार की हे एका बाईने लिहिले?

आता गाणे लिहितात कसे, याची मी चौकशी केली. माझी समजूत अशी होती की कवी कविता लिहितो आणि संगीतकार तिला चाल लावतो. 'गीतरामायणा'त तसेच झाले, माडगूळकरांनी लिहावे आणि सुधीर फडक्यांनी चाल बांधावी. आता पुष्कळदा उलटे होते. चाल आधी तयार असते, संगीतकार ती गुणगुणून, मधे निरर्थक शब्द भरून पाठवितो आणि गीतकाराने त्यात खरे शब्द बसवायचे. याला ते लोक 'मीटर' म्हणतात. आमच्या धंद्यात मीटर म्हणजे शंभर सेंटिमीटर, तेव्हा मला वाटले हा आपलाच विषय! पुतणीने मला एक 'ना ना ना' अशी चाल ऐकवली आणि म्हणाली, "मोठे पप्पा, एक ओळ बसवून दाखवा." मी गल्ल्यावर बसून पाऊण तास प्रयत्न केला. जेथे सूर लांबवायचा होता तेथे मी 'वस्त्र' हा शब्द घातला. तिने तो गाऊन दाखविला आणि मुनीमजींसकट सगळे हसले. सूर लांबवायचा असेल तर तेथे मोकळा स्वर लागतो, जोडाक्षरावर गळा अडकतो. आपल्याकडे एखाद्या ताई ऐंशी सेंटिमीटरचा ब्लाउजपीस आणतात आणि शिंप्याला सांगतात की बाही कोपरापर्यंत हवी, गळा खोल नको, मागे नाडी हवी. शिंपी डोके खाजवतो पण बसवून देतो. गीतकाराचे काम साधारण त्याच जातीचे आहे.

आणि येथे अभिनयाचा उपयोग होतो असे माझे मत झाले. ज्याने रोज दुसऱ्याने लिहिलेली वाक्ये तोंडाने म्हटली आहेत, त्याला कोणता शब्द जिभेवर बसतो आणि कोणता घशात अडकतो हे कळते. श्वास कोठे तुटतो हे कळते. आणखी एक गोष्ट. नटीला विचारावे लागते की ही बाई या क्षणी काय बोलेल, काय गिळून टाकेल. 'डबल सीट' चे ते गाणे याचा नमुना आहे. ज्यांना बोलायला घरात जागाच नाही, अशा दोघांचे ते बोलणे आहे. ते लिहिणाऱ्या बाईने रमाबाई रानड्यांच्या रूपाने न बोलता सोसणाऱ्या बाईची भूमिका केली होती, हा योगायोग मला क्षुल्लक वाटत नाही. हा माझा तर्क आहे, कापड व्यापाऱ्याचा तर्क म्हणून घ्यावा.

येथवर आल्यावर पुतणीच्या बाजूने माझा कौल झुकू लागला होता. परंतु खतावणी नीट तपासताना एक नोंद अशी सापडली की जी तिने मला सांगितली नव्हती. स्पृहा जोशी यांनी अभिनय सोडलेलाच नाही! गाणे लिहिल्यानंतरही २०१८ चा 'होम स्वीट होम', २०१९ चा 'विकी वेलिंगकर', २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'लोकमान्य' मालिकेतील सत्यभामाबाई, २०२४ ची 'सुख कळले' ही मालिका, असा क्रम चालूच राहिला. 'सूर नवा ध्यास नवा' या गाण्याच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन केले. संकर्षण कऱ्हाडे यांच्यासोबत 'संकर्षण व्हाया स्पृहा' हा कवितांचा रंगमंचीय कार्यक्रम केला. लोक तिकीट काढून कविता ऐकायला येतात, हे मला आधी खरे वाटले नाही. म्हणजे त्यांनी एक दुकान बंद करून दुसरे उघडले नाही, एकाच पेढीवर दोन खाती ठेवली. चेहऱ्याच्या खात्यातून शब्दाच्या खात्याला भांडवल मिळाले असेल, आणि शब्दाने चेहऱ्याला वजन दिले असेल. मी पुतणीला म्हणालो, "बेटा, तू मला अर्धेच बिल दाखविलेस." ती हसली, पण तिला ते लागले. माझे म्हणणे असे की ज्या गावाला जायचे तेथील उदाहरण द्यावे, पण पुरते द्यावे.

आता पैशाकडे वळतो. येथे माझे बी.कॉम. थोडे कामास आले. १९५७ चा स्वामित्व हक्क कायदा आहे. त्याखाली १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गाणे लिहवून घेतले, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक निर्माता. म्हणजे गीतकार मजूर, एकदा मजुरी घेतली की संपले. गाणे पन्नास वर्षे वाजो, लिहिणाऱ्याच्या घरी चूल पेटते की नाही हे कोणी पाहायचे नाही. २०१२ मध्ये संसदेने हा कायदा दुरुस्त केला. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी गीतकार-संगीतकारांची बाजू तेथे मांडली. २१ जून २०१२ पासून नियम असा की चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणे वाजले तर ते सोडून, रेडिओ, दूरचित्रवाणी, मोबाइल अशा अन्य सर्व वापरांतून येणाऱ्या मानधनात गीतकाराचा समान वाटा आहे आणि तो वाटा त्याला लिहून देऊनही सोडता येत नाही. सोडल्याचा करार केला तरी तो निरर्थक. तो वाटा फक्त वारसांना किंवा हक्क वसूल करणाऱ्या नोंदणीकृत सोसायटीला देता येतो. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही १९६९ ची संस्था, तिला २०१७ मध्ये पुन्हा नोंदणी मिळाली. हक्काची मुदत लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षे. आपण दुकान तीन पिढ्यांसाठी उभे करतो, तसेच चांगले गाणे हे नातवंडांपर्यंत चालणारी मिळकत आहे. ही गोष्ट मी भावाला सांगितली तेव्हा तो प्रथमच गादीवर सरळ बसला.

तरीही सांगतो, या व्यवसायात पैसा थोड्यांनाच मिळतो. वर्षात दोन गाणी मिळाली तरी नवख्याने समाधान मानावे, अशी स्थिती आहे. मी पुतणीला ते लपविले नाही.

आता वर मातोश्रींचे डोळे पुसणे सांगितले होते, तिकडे येतो. हे बोलावे की नाही याचा मी बराच विचार केला. आपल्या समाजातील जुन्या श्राविका पर्युषणात स्तवने म्हणतात. त्यातील कितीतरी स्तवने चित्रपटगीतांच्या चालीवर बांधलेली आहेत, हे आपण सर्व जाणतो. साठ-सत्तरच्या दशकात एखादे गाणे गाजले की पुढच्या चातुर्मासात त्या चालीवर स्तवन तयार! मी अलीकडे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या स्तवन-पुस्तिका चाळल्या. प्रत्येक स्तवनावर कंसात चाल छापलेली आहे, अमुक चित्रपटगीताची चाल. स्तवन कोणी रचले, ते कोठेही नाही. ज्याची चाल उसनी घेतली त्याचे गाणे नोंदले, जिने शब्द दिले तिचे नाव नाही.

मातोश्रींच्या निधनानंतर जुन्या रोजमेळाच्या वह्या रद्दीला काढताना मुनीमजींनी एक वही बाजूला ठेवली. तिच्या पाठकोऱ्या पानांवर माझ्या आईच्या हस्ताक्षरात स्तवने होती. खोडलेली, पुन्हा लिहिलेली, एका ओळीचे चार-चार पर्याय असलेली. खोडाखोड आहे म्हणजे नक्कल नव्हे, रचना आहे. त्यातील तीन स्तवने आमच्या पुस्तिकेत छापलेली आहेत, नावाशिवाय. ती पुस्तिका छापण्याचे काम कोणाकडे होते? माझ्याकडे. मजकूर आईनेच माझ्या हातात दिला होता आणि मी तिला विचारलेही नाही की हे कोठून आणले. तिनेही सांगितले नाही. दुकानाच्या वहीची पाठकोरी पाने तिने वापरली, कारण स्वतंत्र वही मागण्याची तिला हिंमत झाली नसावी. माझे वडील कडक होते. मीही काही मऊ नव्हतो.

आपण खान्देशचे लोक. आपल्याच असोद्याच्या बहिणाबाई चौधरी, जन्म १८८०, शाळेचे तोंड न पाहिलेल्या. शेतात आणि जात्यावर त्यांनी रचले ते मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी लिहून ठेवले. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली, १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात त्यांच्या रचना आल्या आणि घरोघर गेल्या. सोपानदेव स्वतः कवी होते म्हणून त्यांना आईच्या ओठांवरचे सोने ओळखता आले. माझी आई तेवढी थोर होती असे मी म्हणत नाही. मी सोपानदेव नव्हतो, एवढेच म्हणतो.

२०२४ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या अमळनेरला झाले. ज्या गावात साने गुरुजींनी प्रताप हायस्कूलमध्ये मुलांना शिकविले, त्या गावाला १९५२ नंतर पुन्हा हा मान मिळाला. आपल्या समाजानेही यथाशक्ती हातभार लावला, त्याचा मला अभिमान आहे. पुस्तकांच्या दालनात मी माझ्या पुतणीसोबत फिरत होतो. तिने तेथे चार-पाच कवितासंग्रह घेतले आणि पैसे मी दिले. मला आठवते, पिशवी उचलताना मी थट्टेने म्हणालो, "एवढे घेऊन काय करणार, विकणार आहेस का?" तिने उत्तर दिले नाही. आज ती थट्टा मला नकोशी वाटते.

म्हणून या व्यासपीठावरून विश्वस्त मंडळाकडे माझी एक विनंती आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त स्तवन-पुस्तिकेची नवी आवृत्ती निघत आहे. ती छापण्यापूर्वी समाजातील ज्येष्ठ भगिनींकडे एक-दोन तरुणांना पाठवावे. कोणते स्तवन कोणी रचले, ज्यांना जेवढे आठवते तेवढे लिहून घ्यावे, आणि चालीच्या खाली रचनाकर्तीचे नाव छापावे. नाव ठाऊक नसेल तेथे 'एक श्राविका' एवढे तरी छापावे. आपल्या व्यापारात ताग्याच्या काठावर मिलचे नाव असते. एके काळी आपल्या प्रताप मिलच्या कापडाचा काठ पाहूनच गिऱ्हाईक माल उचलत असे. काठ नसलेला माल आपण कटपीसमध्ये, निम्म्या भावात विकतो. आपल्या आयांची स्तवने आपण इतकी वर्षे कटपीससारखी वापरली. पुस्तिकेच्या छपाईचा जो अधिक खर्च येईल तो मातोश्रींच्या स्मरणार्थ मी देईन, हे येथेच जाहीर करतो.

आता पुतणीचे काय झाले, हे आपण मनात विचारीत असाल. मागील महिन्यात तिला एका ध्वनिमुद्रण कंपनीकडून एका गाण्यासाठी करार आला. कंपनीचे नाव सांगत नाही. पाच हजार रुपये मानधन आणि एक पानाचा कागद. तिने तो मला वाचायला दिला. चाळीस वर्षे मी मिलच्या दलालांचे कागद वाचत आलो आहे, बारीक अक्षरातच माल असतो हे मला ठाऊक आहे. त्यात लिहिले होते की सर्व हक्क, सर्व माध्यमांत, साऱ्या जगात, कायमचे कंपनीचे, आणि गीतकार पुढील मानधनाचा हक्क सोडून देत आहे. मी तिला कायद्याचे कलम दाखविले. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो, आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळे लिहिले नसल्यास, तो परत येतो. म्हणून तर त्यांनी 'कायमचे' आणि 'साऱ्या जगात' हे शब्द मुद्दाम घातले होते. आणि मानधन सोडण्याचे कलम तर कायद्याने टिकतच नाही. आम्ही दोघांनी बसून तो कागद लाल पेनने दुरुस्त केला. मुदत दहा वर्षे लिहिली, मानधनाचे कलम खोडले, आणि शेवटी एक ओळ वाढविली : गाणे जेथे जेथे प्रसिद्ध होईल तेथे गीतकाराचे नाव दिले जाईल. ती शेवटची ओळ तिची नव्हे, माझी.

भाऊ दाराशी उभा राहून पाहत होता. तो म्हणाला, "दादा, तुम्हाला तिला समजवायला सांगितले होते." मी म्हणालो, समजावतोच आहे. तेव्हा तो आत येऊन बसला आणि त्याने दहाऐवजी सात वर्षे लिहा, अशी सूचना केली. आम्ही सात लिहिले. दुकानदाराला भाव करण्यापासून कोण रोखू शकतो?

कंपनीकडून अद्याप उत्तर आलेले नाही. कदाचित येणारही नाही, अशा वेळी नवख्या मुलीऐवजी दुसरी मुकाट्याने सही करणारी मुलगी मिळणे अवघड नसते. दरम्यान पुण्यात एका नव्या नाटकात तिला भूमिका विचारली आहे आणि तिने ती नाकारलेली नाही. मी फोन करून विचारले, तर म्हणाली, "मोठे पप्पा, अर्धे बिल दाखविल्याबद्दल तुम्ही बोलला होतात ना?" आणि दुसऱ्याच वाक्याला तिने आईच्या वहीतील एका स्तवनाची ओळ मला गाऊन दाखविली. ती वही आता तिच्याकडे आहे. त्यात एका ओळीच्या चार पर्यायांपैकी छापलेला पर्याय चुकीचा आहे, तिसरा अधिक चांगला बसतो, असे तिचे म्हणणे आहे. नव्या पुस्तिकेत तिसरा घ्यावा, असा तिचा आग्रह आहे. तेव्हा मंत्रीजी, तेवढी एक दुरुस्तीही कृपया टिपून घ्यावी.